पद्धत जुनी, कचरा नवा: कंपोस्टचा इंदूर ते इंदूर प्रवास

विषय शोधताना आपण आधी नवे पेपर उघडतो. कंपोस्टच्या बाबतीत मी जुन्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि माझा प्रश्नच बदलला.

1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ठरावीक दिवसांनी ढीग परतायचा, की साधारण 3 महिन्यांत खत तयार. ही झाली 'इंदूर पद्धत'. 1931 च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. आपण मात्र एकच नाव पाठ करतो.

हे झालं शेतातलं. शहरात होता घरोघरचा कचरा आणि मैला. 1939 च्या सुमारास बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी दोन्हींचे थर खड्ड्यात घालून वरून मातीने लिंपायची पद्धत बसवली. ढीग परतायचा नाही, म्हणून मजुरी वाचते. पण आत हवा कमी, म्हणून वेळ जास्त लागतो: 4 ते 6 महिने.

मग 1970 च्या दशकात मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प आले आणि त्यातले बरेच बंद पडले. का? सूक्ष्मजीव तेच होते, पण कचऱ्यात प्लास्टिक, काच, बॅटऱ्या मिसळून येत होत्या. तयार खत चाळलं तर काचेचे मोठे तुकडे निघतात. खतात उतरलेलं शिसं आणि कॅडमियम चाळणीने निघत नाही. असं खत शेतकरी पैसे देऊन कशाला घेईल?

म्हणजे खरी मेख ढिगात नव्हती, घरातल्या डब्यात होती. अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 चे घनकचरा नियम आले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करायला सांगितलं. हे मनावर घेऊन राबवणाऱ्या शहरांत इंदूर पुढे होतं. 2017 च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते देशात पहिलं आलं.

'कोणतं कल्चर टाकलं तर खत लवकर होईल?' हा माझा पहिला प्रश्न होता. आता विचारते, 'वर्गीकरणात किती चूक झाली तर खत वापरण्याजोगं राहत नाही?' तुमच्या विषयातल्या जुन्या पद्धतीलाही एकदा विचारून बघा: तेव्हाचा कच्चा माल आणि आजचा, एकच आहे का?