प्रतींचें इमान

ग्रंथाच्या प्रती जितक्या अधिक, तितकें त्याचें आयुष्य अधिक, असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रत ग्रंथाला नाशापासून वांचविते खरी. पण प्रतीप्रतींत फरक पडूं लागला, कीं ग्रंथ आंतून पोखरला जातो. आपल्या वाङ्मयेतिहासांत ह्या दोन्ही संकटांचीं उदाहरणें आहेत.

ज्या पिपरी मेघे येथें हा लेख आम्ही लिहीत आहों, तेथून शेजारच्याच अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर आहे. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनीं लीळाचरित्रांत गोळा केल्या. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमींत ती मूळ पोथी नाहींशी झाली व शिष्यांनीं स्मरणानें ती पुन्हा उभी केली, असें महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ वांचला, पण त्यांत पाठभेद आले ते कायमचेच.

ज्ञानेश्वरीची गोष्ट उलट. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाच्या प्रती पुष्कळ झाल्या, आणि त्यांबरोबर अशुद्धेंही वाढलीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांनीं त्याचें शुद्धीकरण केलें, आणि पुढें कोणी आपली ओवी त्यांत घालूं नये, अशी ताकीदही दिली.

आज संगणकाच्या आज्ञावलींचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तोही अशाच प्रतींवर जगतो. एका मुख्य सर्व्हरवरील भांडाराच्या प्रती दूरदूरच्या सर्व्हरांवर ठेवितात व त्यांस 'मिरर', म्हणजे आरसा, म्हणतात. मुख्य भांडार बदललें, कीं आरसाही बदलावा, हा त्याचा धर्म. पण तोंडावरचा डागही आरसा तितक्याच निष्ठेनें दाखवितो! मार्च २०१३ मध्यें 'केडीई' ह्या मुक्त आज्ञावली-प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील साठा बिघडला, आणि आरशांनीं तो बिघाड इमानानें उतरून घेतला. सुमारें १५०० भांडारें जातां जातां वांचलीं, तीं केवळ एका सर्व्हरवर आधींची प्रत शिल्लक होती म्हणून.

नवल असें, कीं साधन हातांत होतें. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ मध्यें रचलेल्या 'गिट' ह्या व्यवस्थेंत प्रत्येक मजकुराला त्याच्याच अक्षरांवरून गणिलेला एक ठसा असतो. एक अक्षर बदललें तरी ठसा बदलतो. परंतु आरसा भरतांना तो ठसा पडताळून पाहिलाच जात नव्हता.

तेव्हां प्रत उतरण्यापूर्वीं मूळ शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि एक तरी जुनी प्रत अशी राखावी, कीं जी मुळाच्या पाठोपाठ धांवत नाहीं. हाताने लिहिण्याच्या काळीं लेखकाची नजर निदान प्रत्येक अक्षरावरून जात असे. यंत्र क्षणांत नक्कल करितें. त्यामुळें तपासणीचें काम कमी झालें नाहीं, तें आतां मुद्दाम नेमून द्यावें लागतें, इतकेंच.