वजनकाट्याने न सांगितलेली गोष्ट



शाळेच्या व्यासपीठावरून पाळीविषयी बोलताना मला संकोच वाटला नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण फ्रीगंजातील मराठी घरांत मी लहानपणापासून दोन निदाने ऐकत आले. लठ्ठ मुलीची पाळी चुकली, की ‘वजन कमी कर’. सडपातळ मुलीची चुकली, की ‘लग्नानंतर होईल सुरळीत’. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या व्याधीचा इतिहास पाहू लागले, तेव्हा वैद्यकही बराच काळ असेच चाचपडत होते, हे ध्यानी आले.

१७२१ साली इटलीच्या व्हॅलिस्नेरी यांनी एका तरुण, काहीशा स्थूल, अपत्यहीन शेतकरी स्त्रीचे बीजांडकोश पांढरे, चकचकीत व कबुतराच्या अंड्यांसारखे असल्याचे नोंदवले. १९२१ मध्ये फ्रान्सच्या आशार व थिएर यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांच्या मधुमेहाचे वर्णन केले. धागा हाती आला होता. परंतु १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या बीजांडकोशांचा पाचरीच्या आकाराचा भाग काढून टाकला. सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली, दोघींना दिवस गेले. या यशाने दृष्टी बीजांडकोशावरच खिळली.

इन्सुलिन व पुरुषी संप्रेरके यांचा संबंध १९८० मध्ये पुढे आला. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले, की ते अधिकाधिक स्रवते. ते बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके बनवावयास लावते आणि बीजे अर्ध्यावर थबकतात. ज्यांना आपण गाठी म्हणतो, त्या वस्तुतः हीच थबकलेली बीजपुटके. १९८९ मध्ये अमेरिकेतील आंद्रेया ड्युनाइफ यांनी हा दोष स्थूलतेवाचूनही असतो, हे दाखविले.

सडपातळपणाचा भ्रम उलगडला तो पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! २००९ मध्ये भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २३ वर आणली गेली व स्त्रियांच्या कमरेची ८० सेंटिमीटर ठरली.

स्थूल स्त्रीचे वजन पाच-दहा टक्के उतरले तरी पुष्कळदा पाळी सुधारते. तेव्हा पहिला सल्ला अगदीच निराधार नव्हता. दुसऱ्याला मात्र मला आधार सापडला नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार निदान होताच, वजन कितीही असो, प्रत्येकीची रक्तशर्करा तपासावयाची असते.