इंग्रजांच्या दोन ईस्ट इंडिया कंपन्या व त्यांचें एकीकरण (इ. स. १६९८–१७०९)

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत इंग्रजांचा उल्लेख बहुधा ‘इंग्रज’ किंवा ‘टोपीकर’ अशा एका शब्दानें येतो, व वाचणारा तो एकाच कंपनीचा समजून पुढें जातो. इ. स. १६९८ पासून १७०९ पर्यंतच्या कागदांस हा समज लागूं पडत नाहीं. या अवधींत हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपन्या दोन होत्या. लंडनच्या बाजारांत त्यांचें जें वैर होतें, तेंच सुरतेच्या बंदरांतही होतें. दुसरी कंपनी कां निघाली, दोघी एक कशा झाल्या, आणि एक होतांना राज्यसत्तेनें त्यांजकडून काय घेतलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

जुन्या कंपनीची मूळ सनद एलिझाबेथ राणीची, ३१ डिसेंबर १६०० ची. पुढील राजांनीं ती वेळोवेळीं नवी करून दिली. परंतु मक्त्याचा सर्व आधार राजाच्या मर्जीवर होता, पार्लमेंटच्या कायद्याचें पाठबळ त्यास नव्हतें. सर जोशिया चाइल्ड याच्या अमदानींत कंपनीनें राजदरबाराशीं फारच घरोबा केला. १६८८ च्या राज्यक्रांतीनें दरबार पालटला, आणि मक्त्याबाहेर राहिलेल्या व्यापाऱ्यांस तोंड फुटलें. जानेवारी १६९४ मध्यें कॉमन्स सभेनें ठराव केला कीं, पार्लमेंटच्या कायद्यानें मनाई नसेल तर ईस्ट इंडियाशीं व्यापार करण्याचा हक्क सर्व इंग्रज प्रजेस सारखा आहे. पुढील वर्षीं कंपनीचे हिशेब तपासले गेले, तेव्हां १६९३ सालीं सनद नवी करून घेतांना ८०,००० पौंडांहून अधिक रक्कम गुप्त खर्चीं पडल्याचें उघडकीस आलें. गव्हर्नर सर टॉमस कुक याची रवानगी लंडनच्या टॉवरच्या बंदिखान्यांत झाली.

राजाची सनद दुबळी ठरल्यावर कायद्याची सनद कोणास मिळावी, हा प्रश्न उरला. त्याचा निकाल न्यायानें झाला नाहीं, कर्जानें झाला. फ्रान्सशीं झालेल्या दीर्घ युद्धानें सरकारचा खजिना रिता झाला होता. जुन्या कंपनीनें शेंकडा ४ व्याजानें ७ लक्ष पौंड देऊं केले. प्रतिपक्षानें शेंकडा ८ व्याजानें २० लक्ष. व्याज दुप्पट असतांही सरकारनें दुसरी बोली पत्करली, कारण त्यास मोठी रक्कम हवी होती. १६९८ च्या कायद्यानें ही रक्कम भरणाऱ्यांची ‘जनरल सोसायटी’ स्थापन झाली. त्यांतील बहुतेकांनीं एकत्र येऊन ५ सप्टेंबर १६९८ च्या सनदेनें ‘इंग्लिश कंपनी’ काढली. जुन्या ‘लंडन कंपनी’स २९ सप्टेंबर १७०१ पावेतों काय तो व्यापार करण्याची मुभा राहिली.

येथें जुन्या व्यापाऱ्यांचें धूर्तत्व दिसून येतें. त्यांनीं आपल्या खजिनदाराच्या नांवें या नव्या कर्जांतच ३,१५,००० पौंड भरले, व तेवढ्या हिश्शापुरता व्यापाराचा कायदेशीर हक्क मिळविला. १७०० सालीं पार्लमेंटकडून त्यांनीं आपली संस्था कायम ठेवण्याचा कायदाही करून घेतला. नव्या कंपनीजवळ कायदा होता, पण तिचें बहुतेक भांडवल सरकारच्या कर्जांत अडकलें. जुनीपाशीं वखारी, किल्ले, मुंबई बेट आणि शंभर वर्षांचा अनुभव होता.

या भांडणाचे पडसाद आपल्या प्रांतीं उमटले. नव्या कंपनीचा अध्यक्ष सर निकोलस वेट सुरतेस उतरतांच त्यानें जुन्या वखारीवरील निशाण खालीं उतरविण्याचा आग्रह धरला, व जुने इंग्रज चांचे आहेत अशीं पत्रें मोगल दरबारास लिहिलीं. जुन्या कंपनीचा मुंबईचा जनरल सर जॉन गेयर यास १७०१ त सुरतेस मोगल अधिकाऱ्यांनीं अटकेंत टाकलें. त्याच्या पक्षानें त्याचा दोष वेटच्या चिथावणीस दिला. त्याच वर्षीं एप्रिलांत पन्हाळ्यास मोगलांचा वेढा पडला असतां नव्या कंपनीचा वकील सर विल्यम नॉरिस औरंगजेबाच्या छावणींत त्यास भेटला. चांच्यांचा बंदोबस्त इंग्रजांनीं करावा ही बादशहाची अट नॉरिसास पतकरतां आली नाहीं. तो फर्मानावांचून परतला व १७०२ त स्वदेशीं जात असतां समुद्रांतच वारला. एकाच राजाच्या प्रजेनें बादशहापुढें एकमेकांस खोटें पाडावें, यांत दोहोंचीही पत गेली.

नुकसान दोघींचेंही होऊं लागल्यावर तडजोडीस भाग पडलें. २२ जुलै १७०२ रोजीं ॲन राणी व दोन्ही कंपन्या यांच्यामध्यें त्रिपक्षी करार झाला. त्याचा हिशेब मनन करण्यासारखा आहे. जुनीनें आणखी ६,७३,५०० पौंडांचे हिस्से विकत घेऊन आपला वांटा ९,८८,५०० केला. नवीचा वांटाही तितकाच राहिला. बाकीचे २३,००० पौंड स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. परदेशांतील इमारती, किल्ले वगैरे स्थावर मत्तेची किंमत जुनीची ३,३०,००० व नवीची ७०,००० ठरली. ती सारखी करण्यासाठीं नवीनें जुनीस १,३०,००० पौंड द्यावयाचे होते. संयुक्त व्यापारासाठीं दोहोंकडील बारा-बारा असे चोवीस व्यवस्थापक नेमावयाचे, आणि सात वर्षांत जुनीनें आपली सनद परत करावयाची, असें ठरलें. व्यवस्थापकांनीं मुंबईचा अधिकार गेयर यास दिला. तो कैदेंत असल्यास वेट यानें काम पाहावें, असें ठरविलें. वेट १७०४ त मुंबईस अधिकारावर बसला. गेयर कैदेंतच राहिला.

शेवटची गांठ १७०८ त मारली गेली. त्या वर्षींच्या कायद्यानें आणखी १२ लक्ष पौंड सरकारास बिनव्याजी देण्याचें ठरलें, व मक्त्याची मुदत १७२६ पर्यंत वाढली. पूर्वीं २० लक्षांवर शेंकडा ८ प्रमाणें वर्षास १,६०,००० पौंड व्याज पडे. आतां ३२ लक्षांवर शेंकडा ५ प्रमाणें तेंच १,६०,००० झालें. म्हणजे सरकारनें एक पौंडही अधिक व्याज न देतां १२ लक्ष मिळविले. उरलेल्या तंट्याचा निवाडा लॉर्ड गोडॉल्फिन यानें २९ सप्टेंबर १७०८ रोजीं दिला. मार्च १७०९ मध्यें लंडन कंपनीनें आपली सनद राणीस परत केली, व ‘ईस्ट इंडियाशीं व्यापार करणाऱ्या इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची संयुक्त कंपनी’ उरली.

डच लोकांनीं आपल्या निरनिराळ्या लहान कंपन्या २० मार्च १६०२ रोजींच एक केल्या. तेथें फाटाफुटीचें भय आधींच ओळखून राज्यसत्तेनें एकी घडविली. इंग्रजांकडे शंभर वर्षांनीं तीच गोष्ट उलट वाटेनें आली. जिनें १६९४ त सर्वांस सारखा हक्क सांगितला, त्याच पार्लमेंटनें चौदा वर्षांत तो हक्क एकाच हातीं कायद्यानें दिला. म्हणून हें एकीकरण व्यापाऱ्यांचा निव्वळ विजय होय, असें मात्र समजूं नये. मक्ता कायद्यानें मिळाला, म्हणून त्याची मुदत, अटी व पुढें कारभारही ठरविण्याचा अधिकार कायद्यानें पार्लमेंटकडे गेला. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १७८४ चा पिटचा कायदा, १८१३ त हिंदुस्थानचा व १८३३ त चीनचा मक्ता जाणें, या सर्वांचें बीज या सौद्यांत आहे. स्पर्धेपासून जिनें कायद्याचें छत्र विकत घेतलें, ती कंपनी त्याच कायद्याच्या तोंडीं आली.

जुने कागद बाळगणाऱ्यांस यांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. १६९८ ते १७०९ या काळांतील इंग्रजी पत्र हातीं आल्यास तें कोणत्या कंपनीचें, हें प्रथम पाहावें; लंडनकडील दप्तरही त्या काळीं जुनी कंपनी, नवी कंपनी व संयुक्त व्यवस्थापक असें तीन ठिकाणीं वांटलेलें आहे. तसेंच, इंग्रजांचें वर्ष तेव्हां २५ मार्चास सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्चमधील पत्रावर मागील सालाचा आंकडा असतो, व मार्च १७०० पासून त्यांची तारीख नव्या पद्धतीहून अकरा दिवस मागें पडते. सुरतेहून एकाच आठवड्यांत लिहिलेलीं दोन इंग्रजी पत्रें परस्परविरुद्ध आढळलीं, तर त्यांतील एक खोटें ठरविण्यापूर्वीं लिहिणारा कोणाचें अन्न खात होता, हें विचारावें. बहुधा दोन्हीं पत्रें अस्सलच असतील.