राटल्सडोर्फच्या जिममधला पठ्ठा

जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या क्रीडागृहात मुलांचा सामना संपत आला होता आणि पुढच्या सामन्याचे खेळाडू कडेला थांबले होते. त्यांत होल्गर गेश्विंडनर होते. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या बास्केटबॉल संघाचे कप्तान, शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरही खालच्या लीगमध्ये हौसेनं खेळणारे. मैदानातल्या एका काटकुळ्या, उंचच उंच मुलावर त्यांची नजर खिळली. मुरलेला खेळाडू जे करतो ते हा मुलगा आपसूक करत होता, पण त्याचे हात घडवलेले नव्हते. तुला शिकवतं कोण, असं त्यांनी सामन्यानंतर त्याला विचारलं. कुणीच नाही, असं कळल्यावर त्यांनी स्वतःच ते काम अंगावर घेतलं.

मुलाचं नाव डर्क नोवित्स्की. जन्म १९७८चा, माइन नदीकाठच्या व्यूर्त्सबुर्गचा. वडील हँडबॉल खेळत. आई आणि बहीण दोघी बास्केटबॉलमध्ये देशाकडून खेळलेल्या. डर्क आधी टेनिस आणि हँडबॉलमध्ये रमला, बास्केटबॉलकडे जरा उशिराच वळला. त्याचा डीजेके व्यूर्त्सबुर्ग हा क्लब तेव्हा जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत होता.

नोवित्स्कीची गोष्ट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या डॅलसपासून सांगतात. पण तो खेळाडू म्हणून घडला तो जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या राटल्सडोर्फसारख्या गावांतल्या साध्या जिममध्ये. गुरू-शिष्याचं नातं होतं तालमीतल्या वस्ताद आणि पठ्ठ्याचं. वजनं उचलणं नाही, डावपेचांची घोकंपट्टी नाही. नेम, पास आणि पायांची हालचाल, एवढंच. गेश्विंडनरनी नेमाचा प्रश्न कागदावर सोडवला होता. कडीचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून आला तर भरपूर जागा मिळते, पण जितका आडवा येईल तितकी कडी त्याच्यासाठी अरुंद होत जाते. साधारण ३२ अंशांच्या खाली तो कडीला न शिवता आत जाऊच शकत नाही. म्हणून चेंडूला उंच कमान हवी. मग या मुलाची उंची, हातांची लांबी धरून कोपर कुठे असावं, बोटं कशी सुटावीत, हे त्यांनी हिशेबानं ठरवलं आणि ते अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुस्तकं वाच, वाद्य शीक, असा आग्रह धरला, आणि डर्कनं सॅक्सोफोन हातात घेतला. त्यामागेही एक परंपरा होती. गेश्विंडनरना तरुणपणी बास्केटबॉलची गोडी लावली ती एर्नी बटलर यांनी. हे बटलर अमेरिकन सैन्यातून जर्मनीत आलेले आणि सॅक्सोफोन वाजवणारे. हा खेळ जॅझसारखा खेळावा, सूर पक्के करून मग मोकळं सुटावं, ही शिकवण तिथून आली. युद्धानंतर अमेरिकन छावण्यांनी जर्मनीला बास्केटबॉल दिला, असं इतिहास एका ओळीत सांगतो. या ओळीत बटलरसारखी माणसं दडलेली असतात.

साधारण वर्षभरानं गेश्विंडनरनी डर्कला सरळ विचारलं: जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी भिडायचंय की जर्मनीतच नाव कमवायचंय? दुसरंच हवं असेल तर सराव आजच थांबवू. मुलानं दोन दिवस घेतले आणि सर्वोत्तमांशी भिडायला होकार दिला. रॉबर्ट गॅरेट, मार्विन विलोबी, डेमंड ग्रीन हे साथीदारही याच मुशीतले. तिघेही पुढे जर्मनीकडून खेळले. एका खेळाडूच्या झळाळीत त्यांची नावं बुजावीत, हे बरं नाही.

१९९७-९८मध्ये डर्क सक्तीची लष्करी सेवा करत होता, आणि त्याच हंगामात क्लबसाठी सामन्यामागे २८.२ गुण काढत होता. क्लब पहिल्या श्रेणीच्या दारात उभा असताना, मार्च १९९८ला तो अमेरिकेत सॅन अँटोनिओला गेला. तिथे जगभरच्या तरुणांचा संघ अमेरिकेच्या निवडक तरुणांविरुद्ध खेळणार होता. डर्कनं ३३ गुण आणि १४ रिबाउंड मिळवले. वीस वर्षांचाही नसलेला हा मुलगा एका संध्याकाळी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या सगळ्या क्लबांना माहीत झाला.

जूनमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, मिलवॉकीच्या क्लबनं त्याला नववा निवडला आणि अदलाबदलीत डॅलसला दिला. पण मालक आणि खेळाडूंच्या वादात एनबीएला टाळं लागलं, म्हणून तो महिनोन्महिने व्यूर्त्सबुर्गकडूनच खेळत राहिला. फेब्रुवारी १९९९ला सिएटलविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला: दोन गुण, साथीदारांना गुण मिळवून देणारे चार पास, रिबाउंड एकही नाही. पुढेही तेच. दांडगे खेळाडू त्याला ढकलून पुढे जात. बचावात तो इतका कच्चा, की प्रेक्षकांनी नावातला ‘डी’ काढून, कारण ‘डी’ म्हणजे डिफेन्स, त्याला ‘इर्क’ म्हणायला सुरुवात केली. सामन्यामागे ८.२ गुणांवर हंगाम संपला. परत जावं का, हा विचारही त्याच्या मनात आला.

त्या हंगामाला अपयश म्हणायला मन घेत नाही. जर्मनीतल्या क्लबमधून थेट एनबीएत आलेल्या मुलाला सराव शिबिरालाही पुरता वेळ मिळाला नव्हता. त्यानं नेम बदलला नाही, गुरूही बदलला नाही. पुढेही सुट्टीत तो राटल्सडोर्फच्या जिममध्ये घाम गाळायला येतच राहिला. १९९९-२०००मध्ये त्याची सरासरी १७.५वर गेली आणि ८२पैकी एकही सामना चुकला नाही.

२००१मध्ये डॅलसनं १९९०नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठलं. यूटाविरुद्ध पहिले दोन सामने हरून पुढचे तीन जिंकले, निर्णायक सामना तर एका गुणानं. पुढच्या फेरीत सॅन अँटोनिओनं डॅलसला ४-१नं हरवलं. त्या मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात नोवित्स्कीचे ४२ गुण होते आणि १८ रिबाउंड. वय २२ वर्षं.