वारा, छप्पर आणि बांधणी



मिरगाआधी घर शाकारायचं ही कोकणातली जुनी रीत. शाकारणी म्हटलं की आपल्याला गळती आठवते. पण गवती घरांच्या काळात पेंढा बदलताना कुजलेले बंद सोडून नवे आवळले जात, म्हणजे ती वाऱ्याचीही तयारी असे. पावसाला पेंढा किंवा कौल पुरतं, वाऱ्याला बांधणी लागते. ही बांधणी आपल्या घरांतून कशी सुटत गेली, ते आज पाहू.

जुनं गवती घर बुटकं. पाखं उतरती, वळचण इतकी खाली की आत शिरताना मान लववावी लागे. वासे आढ्याला सुंभाने बांधलेले, पेंढ्यावर बांबूच्या कांबी आडव्या घालून त्याही आवळलेल्या. वाऱ्यात असं छप्पर कुरकुरतं, हलतं, पण चटकन सुटत नाही. आग आणि वाळवी हे त्याचे मोठे वैरी, म्हणून लोकांना ते नकोसं झालं, यात नवल नाही.

बंगालच्या उपसागरात वादळं आपल्या अरबी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त होतात. तिथल्या आंध्रच्या किनाऱ्यावर लोकांनी याच युक्तीला पुढे नेलं. त्यांची जुनी झोपडी गोल, मातीच्या भिंतीची आणि वर ताडपत्रांचं शंकूसारखं छप्पर. गोल भिंतीला वारा वळसा घालून जातो. सपाट भिंतीवर तो थेट आदळतो. चौकोनी घरातही चारी अंगांना उतरतं छप्पर दुपाखी छपरापेक्षा वाऱ्यात बरं टिकतं, त्याचं कारण हेच.

मग आली कौलं. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगलोरी कौलं किनाऱ्याने सगळीकडे पसरली. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं होतीच. कौलाला आग नाही, वाळवी नाही. मात्र कौल बांधलेलं नसतं, ते नुसत्या वजनावर बसतं. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला तार ओवायला भोक ठेवलेलं असतं. किती घरांत तिथे तार आहे, ते आपलं आपण वर चढून बघावं!

त्यानंतर पत्रा आला. पत्रा स्वस्त, हलका, दोन माणसं एका दिवसात गोठा झाकतात. इथेच खरी गफलत झाली. कौलाबरोबर छपराचं वजन गेलं, आणि जुनी बांधणी काही परत आली नाही.

थोडा हिशेब करू. वारा छपरावरून जोरात गेला की तो छप्पर दाबत नाही, वर ओढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्याला वर खेचणारा जोर दीड-दोनशे किलोच्या घरात जातो. पत्र्याचं वजन बारा-पंधरा किलो. त्यावर दोन दगड नि एक जुना टायर ठेवून काय होणार? उलट तेच दगड घरंगळून खालच्या माणसावर येतात. तेवढ्याच जागेतली कौलं शंभर किलोच्या आसपास भरतात, म्हणजे तीही उडायचीच, आणि सुरुवात वळचणीपासून नि आढ्यापासून होते.

मुंबईने नोव्हेंबर १९४८ मध्ये मोठं वादळ सोसलं. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' आलं. तरी कोकणात आपला समज असा की वादळं पूर्वेकडची. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, मुरूड भागात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे कागदासारखे उडाले, सिमेंटच्या पत्र्यांचा चुरा झाला. मिरग चार दिवसांवर, आणि डोक्यावर छप्पर नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं.

तेव्हा पत्र्याच्या घराला बांधणी परत द्यायची. नुसता खिळा उपटून येतो; त्याऐवजी खालच्या पाइपाला किंवा वाशाला अडकणारा हूक नि वर रुंद वायसर वापरावा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावं, खोलगट भागात पाडलं तर गळतं. वळचण, आढं आणि दोन्ही कडा इथे हूक जवळजवळ घ्यावेत, मध्ये थोडे विरळ चालतात. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये. वासा भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई खांबाला लोखंडी पट्टीने किंवा जाड तारेने जखडावी. नाहीतर पत्रा वाशांसकट जातो.

इशारा ऐकल्यावर हाताशी एकच दिवस असेल तर कोळ्यांचं जुनं जाळं किंवा जाड दोर छपरावरून तिरपा, आडवा-उभा घालून जमिनीत खोल ठोकलेल्या मेखांना ताणून बांधावा. झाडाला बांधू नये, झाड पडलं की छप्पर घेऊन जातं. दारांना अडसर घालावा, खिडक्यांवर फळ्या ठोकाव्यात. वाऱ्याच्या अंगाचं एक दार जरी उघडं राहिलं, तरी आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो. मध्येच अचानक शांत झालं तर कौलं बसवायला वर चढू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने सुटतो.

हे सगळं वाऱ्यासाठी. समुद्राचं पाणी चढतं तिथे बांधणीचा उपयोग नाही. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या दिवीसीमा भागात पाण्याची भिंतच आली आणि हजारो माणसं गेली. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशातही हजारो गेले. पण तिथेच २०१३ च्या 'फायलिन'ला लाखो लोकांना आधी हलवलं, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. सखल भागातल्या, खाडीकाठच्या मंडळींनी इशारा येताच गुरांची दावी सोडावी आणि पक्क्या इमारतीत जावं.

भाताचं बी मात्र माळ्यावर ठेवून जाऊ नका. माळा छपराखालीच असतो, आणि छप्पर गेलं की पहिला तोच भिजतो. बी झाकणाच्या पिंपात भरून, वर मेणकापड बांधून, पिंप मधल्या खोलीत उंच ओट्यावर, पक्क्या भिंतीच्या आडोशाला ठेवावं.