नावाविना नोंद : वऱ्हाडातील कोतवाल बुक आणि ओळखीचा प्रश्न

वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून कोतवाल बुकाकडे अभ्यासकांचे लक्ष तसे उशिराच गेले. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गावोगावचे जन्ममृत्यू इंग्रज अमदानीत त्यात टिपले जात. या नोंदीचा मूळ हेतू आरोग्यविषयक होता. साथीत किती माणसे दगावली, हे शासनास कळावयास हवे होते. कोण दगावले, हे नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे बळीही बहुतांशी ‘ताप’ याच सदरात मोजले गेले, कारण कारण ठरविणारा वैद्य गावी नव्हताच.

जन्माच्या नोंदीत तारीख, गाव, पित्याचे नाव, जात आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच बहुधा आढळते. बालकाचे नाव नसते. बारसे बाराव्या दिवशी. नोंद अनेकदा त्यापूर्वीची. गणतीपुरते यात काही उणे नव्हते.

उणीव जाणवली ती पुढे. इतर मागासवर्गीयांस जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागू लागला आणि आरोग्याचे दप्तर ओळखीचे दप्तर बनले. निनावी ‘मुलगा’ म्हणजेच अर्जदाराचा आजा, हे सिद्ध कसे करावयाचे? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव सापडते. परंतु तेथील जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून वा १ जुलै. मग पिता, गाव, जात व साल यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हाल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत नोंदजुळणीची कल्पना मांडली. तिला गणिती बैठक फेलेगी व सन्टर यांनी १९६९ मध्ये दिली. दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिचे वजन अधिक, सर्वसामान्य गोष्टीचे कमी, हे त्यातील एक मुख्य सूत्र. वऱ्हाडास ते चपखल लागू पडते. कुणबीबहुल गावात ‘कुणबी’ हा शब्द जुळल्याने व्यक्तीची ओळख फारशी पटत नाही; पित्याचे नाव गणपत असेल तर त्यानेही थोडीच. त्याच गावातील एकुलत्या एका कासाराच्या घरची नोंद मात्र नावावाचूनही ओळखू येते. पडताळणीत जातीच्या शब्दालाच सर्वाधिक महत्त्व मिळते, आणि नेमका तोच शब्द अशा गावात माणूस ओळखण्यास सर्वांत दुबळा ठरतो. हा विरोधाभास पुरेसा चर्चिला गेलेला दिसत नाही.

२०२१ पासून आरोग्यनोंदी जोडण्यासाठी चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक देशभर आला आहे. तो जिवंतांसाठी आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार मात्र बालकाचा जन्म आजही नावाविना नोंदविता येतो व नाव मागाहून भरता येते.