गायो

सोलमध्ये मी ज्या घरात भाड्याने राहायचे, तिथल्या आजी भांडी घासताना रेडिओ लावत. नुकतीच मोडकी-तोडकी कोरियन जमू लागली होती. एकदा विचारलं, "आजी, तुम्हाला के-पॉप आवडतं?" त्या म्हणाल्या, "ते नातीचं. मी गायो ऐकते."

माझ्या मराठी कानाला त्यात लगेच 'गाणं' ऐकू आलं. तो निव्वळ योगायोग. शब्द चिनी अक्षरांतून आलेला. तीच अक्षरं जपानी माणूस 'कायो' अशी वाचतो. जपानी राजवटीत, १९१० ते १९४५, कोरियात 'युहेंगा' हाही शब्द चालायचा, म्हणजे सध्या चलती असलेलं गाणं. आजींची लाडकी गायिका ली नान-यंग. तिचं 'मोकपोचे अश्रू' १९३५चं. तसल्या गाण्यांना पुढे 'ट्रॉट' नाव पडलं, फॉक्सट्रॉट नाचावरून. नाकं मुरडणारे मात्र त्यांना 'पोंगच्याक' म्हणत, नुसत्या ठेक्याच्या आवाजावरून. या शब्दाने आजी दुखावत, आणि मला ते पटतं. ली मी-जाचं 'दोंगबेक आगास्सी' १९६४ साली घराघरांत पोचलं आणि पुढच्याच वर्षी जपानी वळणाचं ठरवून त्याचं प्रसारण बंद केलं गेलं. ती बंदी उठायला १९८७ उजाडलं. एवढं सोसलेल्या गाण्याला ठेक्याच्या नावाने हिणवायचं?

'के' हे अक्षर फार उशिरा आलं. टोकियोत १९८८ साली जे-वेव्ह हे रेडिओ केंद्र सुरू झालं आणि तिथून 'जे-पॉप' हा शब्द पसरला. 'के-पॉप' त्याच साच्यातलं. १९९९मध्ये ते अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'मध्येही छापून आलं. त्याच सुमारास चिनी लोक कोरियन गाण्यांच्या आणि मालिकांच्या या लाटेला 'हानलिऊ' म्हणू लागले होते. कोरियाने ती अक्षरं उचलून आपल्या उच्चारात 'हाल्यू' केली. घरात आपण एकमेकांना आडनावाने हाक मारत नाही. आडनाव लागतं ते परक्याच्या दारात. कोरियन गाण्यालाही 'के' लागलं ते असंच. आता घरातही तेच नाव रुळलंय, 'केइपाप' म्हणून.

रविवारी नात आली की दूरदर्शन संचाचा ताबा तिचा. १९९१ साली पहिल्यांदा सुरू झालेला 'इन्किगायो', म्हणजे लोकप्रिय गायो, हा तिचा कार्यक्रम. पडद्यावर नाव झळकलं की आजी ओले हात पुसत बाहेर येत आणि नातीशेजारी बसत.